मोतीबिंदूचा हिशेब : लहान छेद, घडीचे भिंग आणि मोठा प्रश्न

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत घडी होणारे भिंग शहरांमध्ये आता सर्वमान्य झाले आहे. या शस्त्रक्रियेच्या यशाबद्दल फारशी शंका उरलेली नाही. मात्र हे यश नेमके कशामुळे मिळते, ते कोणाच्या वाट्याला येते आणि ते कोणत्या मोजपट्टीने मोजावे, याचा विचार रुग्णाच्या घरात होत नाही आणि सरकारी कार्यालयातही पुरेसा होत नाही.

मुंबई-पुण्यासारख्या शहरात सत्तरीला टेकलेल्या आईचा किंवा वडिलांचा मोतीबिंदू काढायचे ठरले की कुटुंबासमोर पहिला पेच उभा राहतो तो भिंगाचा. तपासणी आटोपली की समुपदेशकाच्या टेबलावरून एक छापील तक्ता पुढे सरकतो. त्यात न दुमडणारे साधे भिंग, घडी होणारे म्हणजे ‘फोल्डेबल’ भिंग, त्यातही भारतीय आणि आयात केलेले, पुढे टोरिक, मल्टिफोकल अशी चढती श्रेणी असते. किमतीही त्याच क्रमाने चढत जातात. ‘यातली सगळ्यात चांगली कोणती?’ असा प्रश्न मुलगा किंवा सून विचारते आणि बहुतेक वेळा महाग तेच चांगले असे मनाशी धरून संमतीपत्रावर सही होते. आईवडिलांच्या डोळ्यांच्या बाबतीत काटकसर केली, असा बोल कोणालाही लावून घ्यायचा नसतो.

याच सुमारास एखाद्या तालुक्याच्या गावातून धर्मादाय रुग्णालयाच्या गाडीने आलेल्या वृद्धेच्या डोळ्यात कोणते भिंग बसवले जाणार, हे तिला कोणी विचारत नाही आणि तीही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघावी आणि चुलीपुढचे दिसावे, एवढीच तिची अपेक्षा असते. या दोन रुग्णांच्या डोळ्यांत काही महिन्यांनंतर किती फरक पडतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दोन दशकांतील अभ्यासांनी बऱ्याच अंशी दिले आहे. ते उत्तर छापील तक्त्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे.

जाड चष्म्यापासून घडीच्या भिंगापर्यंत

आज पन्नाशीत असलेल्यांना आपल्या आजी-आजोबांचा मोतीबिंदूनंतरचा चष्मा आठवत असेल. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा आणि त्यांतून मोठे दिसणारे डोळे ही त्या काळच्या वार्धक्याची खूणच होती. तेव्हा डोळ्यातील गढूळ भिंग पूर्ण काढून टाकले जाई आणि त्याच्या जागी काहीही बसवले जात नसे. त्या भिंगाचे काम नाकावरच्या काचांना करावे लागे. वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या आणि जवळ दिसत, बाजूचे नीट दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके. चष्मा फुटला वा हरवला, तर शस्त्रक्रिया होऊनही माणूस पुन्हा आंधळाच.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना मात्र त्याआधीच प्रत्यक्षात आली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरील पारदर्शक आच्छादनाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्याच जातीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे भिंग त्यांनी नोव्हेंबर १९४९मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. पुढे १९६७मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनितरंगांनी मोतीबिंदूचा चुरा करून तो शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. दातांच्या डॉक्टरकडील उपकरणावरून त्यांना ती सुचली होती.

येथे एक अडचण उभी राहिली. फेकोने मोतीबिंदू तीन मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून बाहेर काढता येत होता. परंतु रिडली यांच्या वंशातले कडक भिंग पाच-सहा मिलिमीटर रुंदीचे. ते आत सरकवायचे तर लहान ठेवलेला छेद पुन्हा मोठा करावा लागे आणि सारा फायदा तेथेच संपे. घडी होणाऱ्या भिंगाचा जन्म या अडचणीतून झाला. १९८४च्या सुमारास अमेरिकेतील थॉमस माझोको यांनी सिलिकोनचे मऊ भिंग दुमडून डोळ्यात घातले, ते आत जाऊन उलगडले. नव्वदच्या दशकात मऊ ॲक्रिलिकची भिंगे आली आणि सिलिकोन मागे पडले. घडीचे भिंग ही मुळात छेद लहान ठेवण्याची सोय आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बरेचसे गैरसमज टळतात.

भारतात या प्रगतीला वेगळे वळण मिळाले. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. १९९४नंतर जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असताना ते गरिबांना परवडणे शक्यच नव्हते. अरविंदच्या परिवारातील ‘ऑरोलॅब’ने १९९२पासून मदुराईत भिंगे बनवायला सुरुवात केली आणि ही किंमत दहा डॉलरच्या आसपास आणून पुढे आणखी खाली नेली. १९९४च्या सुमारास देशात मोतीबिंदूच्या शंभर शस्त्रक्रियांपैकी पाचांतही कृत्रिम भिंग बसत नव्हते. २०११-१२पर्यंत हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. जाड काचांचा चष्मा एका पिढीत नाहीसा झाला, तो असा.

टाक्याविना, पण यंत्राविनाही

जाड चष्मा गेला तरी फेकोचे यंत्र सर्वत्र पोहोचणे शक्य नव्हते. यंत्र महाग, त्याचे सुटे भाग महाग, वीजपुरवठा बेभरवशाचा आणि ते चालवण्याचे कौशल्य आत्मसात करायला वेळ लागणारा. शिवाय ग्रामीण भागातील रुग्ण येतो तेव्हा मोतीबिंदू पुरता पिकलेला, कडक आणि तपकिरी झालेला असतो. ‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला अजूनही अनेक घरांत पाळला जातो. असा कडक गाभा ध्वनितरंगांनी फोडताना पारपटलाच्या आतील नाजूक पेशींना इजा होण्याचा धोका वाढतो.

यातून भारत आणि नेपाळच्या शल्यविशारदांनी एक मधला मार्ग विकसित केला. बुबुळाच्या कडेला, डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा बोगद्यासारखा तिरपा छेद घ्यायचा, त्यातून मोतीबिंदूचा गाभा हातानेच अखंड बाहेर काढायचा आणि भिंग बसवायचे. छेदाची रचनाच अशी असते, की तो आतल्या दाबाने आपोआप मिटतो, टाका लागत नाही. ‘एसआयसीएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही पद्धत स्वस्त आणि वेगवान आहे. तिच्यात बहुधा न दुमडणारे साधे भिंग बसवले जाते, कारण एवढ्या छेदातून ते सहज आत जाते.

शहरी रुग्णासमोरच्या तक्त्यातील ‘साधे’ आणि ‘फोल्डेबल’ या दोन रकान्यांमागे प्रत्यक्षात दोन वेगळ्या शस्त्रक्रिया उभ्या असतात. त्यामुळे तुलना करायची तर ती दोन भिंगांची करून भागत नाही, दोन पद्धतींची करावी लागते.

पुण्याच्या चाचणीचा निष्कर्ष

अशी तुलना महाराष्ट्रातच झाली आणि तिची दखल जगाने घेतली. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून निम्म्यांवर फेको आणि निम्म्यांवर हाताने लघुछेद शस्त्रक्रिया करण्यात आली. तिचे सहा आठवड्यांनंतरचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याचा योग्य नंबर लावून तपासले असता दोन्ही गटांतील ९८.४ टक्के रुग्णांना ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसत होते. म्हणजे अंतिम दृष्टीत दोन्ही पद्धती बरोबरीत सुटल्या.

चष्म्याविना तपासल्यावर मात्र फरक दिसला. फेको झालेल्यांपैकी ८१ टक्क्यांना, तर हाताने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना तेवढे दिसत होते. छेद मोठा असला की तो भरून येताना बुबुळाच्या गोलाईत किंचित बदल होतो आणि रुग्णाला आडवा-उभा, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात, तो येतो. लहान छेदात हा त्रास कमी. शंभरातल्या दहा जणांचा हा फरक लहान वाटेल. त्याचा अर्थ पुढे पाहू.

नेपाळमध्ये डॉ. संदुक रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २००७मध्ये आले. तेथे सहा महिन्यांनंतर चष्म्याविना ६/१८पर्यंत दिसणाऱ्यांचे प्रमाण हाताने केलेल्या शस्त्रक्रियेत ८९ टक्के, तर फेकोत ८५ टक्के होते. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे ९८ टक्के. हाताने केलेल्या शस्त्रक्रियेला सरासरी नऊ मिनिटे लागली, फेकोला साडेपंधरा. भिंगामागे पडदा धरण्याचे प्रमाण मात्र फेकोच्या गटात कमी होते. पुढे २०१३मध्ये ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या जाळ्याने भारत, नेपाळ व दक्षिण आफ्रिकेतील आठ चाचण्या आणि १,७०८ रुग्णांचा एकत्रित विचार केला. सुरुवातीच्या काही महिन्यांत चष्म्याविनाची दृष्टी फेकोत अधिक चांगली असू शकते; चष्म्यासह दृष्टीत फारसा फरक नाही, असा त्याचा सारांश निघाला.

खर्चाचे अंतर मात्र ठळक होते. पुण्यातील त्याच अभ्यासगटाने २००७मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार रुग्णालयाला फेकोच्या एका शस्त्रक्रियेसाठी सरासरी ४२ डॉलर, तर हाताने केलेल्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे १५ डॉलर खर्च येत होता. जेथे रांगेत हजारो रुग्ण आहेत आणि निधी ठरलेला आहे, तेथे एका फेकोच्या पैशांत जवळपास तीन जणांना दृष्टी देता येत होती. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता आणि कित्येक वर्षे धोरण त्यावरच उभे राहिले.

चष्म्याविनाची दृष्टी कोणाची गरज?

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चष्मा लावल्यावर दोन्ही पद्धती सारख्या ठरतात हे खरे. पण त्यासाठी चष्मा मिळायला हवा. शहरातील निवृत्त शिक्षक सहा आठवड्यांनी पुन्हा नंबर तपासतो, आवडीची फ्रेम निवडतो आणि सिलिंडरचा नंबर त्यात मुकाट्याने सामावून जातो. त्याच्या बाबतीत छेद तीन मिलिमीटरचा होता की सहाचा, याने दैनंदिन जीवनात फार फरक पडत नाही. याउलट गावाकडच्या वृद्धेची शस्त्रक्रियेनंतरची दुसरी भेट अनेकदा होतच नाही. मजुरी बुडवून तिला आणणारे कोणी नसते, एसटीचे भाडे असते, ‘आता दिसतंय की’ असे म्हणून विषय मिटवला जातो. तिच्यासाठी चष्म्याविनाची दृष्टी हीच अंतिम दृष्टी ठरते.

म्हणजे ज्या दहा टक्क्यांच्या फरकासाठी शहरी रुग्ण जादा पैसे मोजतो, त्याची खरी गरज चष्मा न मिळणाऱ्या रुग्णाला अधिक आहे. लहान छेद आणि घडीचे भिंग ही श्रीमंतांची चैन आणि साधे भिंग ही गरिबांची गरज, ही सोयीची वाटणी वैद्यकीय तर्काच्या नेमकी उलट आहे. भारतीय कंपन्या आता घडीची भिंगेही मोठ्या प्रमाणावर बनवतात, त्यांच्या किमती पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरल्या आहेत. २००७चा खर्चाचा हिशेब त्यामुळे नव्याने मांडण्याची वेळ आली आहे.

अर्थात याचा अर्थ प्रत्येक तालुका रुग्णालयात उद्याच फेकोची यंत्रे बसवावीत, असा होत नाही. त्याचे कारण भिंगात नाही, ते शल्यविशारदाच्या हातात आहे.

हात आणि हत्यार

अरविंद रुग्णालयांच्या साखळीतील सुमारे ८० हजार शस्त्रक्रियांचा आढावा २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. फेको आणि हाताने केलेली लघुछेद शस्त्रक्रिया यांतील गुंतागुंतीचे एकूण प्रमाण जवळपास सारखे, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास होते. परंतु शिकाऊ डॉक्टरांच्या बाबतीत चित्र पालटले. त्यांच्या हातून फेकोत ४.८ टक्के शस्त्रक्रियांमध्ये, तर हाताने केलेल्या पद्धतीत १.४६ टक्के शस्त्रक्रियांमध्ये गुंतागुंत उद्भवली. भिंगाची मागची नाजूक पिशवी फाटली, गाभ्याचा तुकडा मागच्या पोकळीत घसरला, की उत्तमातले उत्तम भिंगही फारसे उपयोगी पडत नाही. नवी पद्धत चांगली असली तरी ती पक्क्या हातात चांगली. कच्च्या हातात जुनीच अधिक सुरक्षित, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

संसर्गाचे तसेच. डोळ्याच्या आत जंतू शिरले तर काही तासांत दृष्टी जाऊ शकते. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे १९८६च्या शिबिरात ८४ जणांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९च्या निकालाने शिबिरांतील हलगर्जीपणाकडे देशाचे लक्ष वेधले. पुढे शाळा-धर्मशाळांत शस्त्रक्रिया करण्याची रीत मागे पडली. गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच, असे धोरण आले. तरीही २००८मध्ये तामिळनाडूत आणि २०१४मध्ये पंजाबात शिबिरातील रुग्णांची दृष्टी गेल्याच्या घटना घडल्याच. निर्जंतुकीकरणाचा एक टप्पा चुकला, द्रावणाची एक बाटली दूषित निघाली, की एका दिवसातले अनेक रुग्ण एकाच वेळी बळी पडतात. गतीचा हा धोका आहे.

याला उत्तरही भारतातच सापडले आहे. शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची अल्प मात्रा सोडण्याची पद्धत अरविंद रुग्णालयांनी सरसकट स्वीकारली. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गंभीर संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यावरून ०.०२ टक्क्यावर आल्याचे दिसले. दहा हजारांत सात डोळ्यांऐवजी दोन. देशात दरवर्षी होणाऱ्या लाखो शस्त्रक्रियांच्या हिशेबात हा फरक हजारो डोळ्यांचा ठरतो. त्याच्यासाठी लागणाऱ्या औषधाची किंमत मात्र घडीच्या भिंगाच्या तुलनेत नगण्य आहे.

तिसरी तितकीच महत्त्वाची आणि तितकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भिंगाच्या नंबराचे मापन. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून प्रत्येक रुग्णासाठी भिंगाची शक्ती ठरवावी लागते. लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. मोजमापच चुकले, तर आयात केलेले भिंगही रुग्णाला धूसरच दाखवणार. घाईत हे मापन उरकले जाते की नीट केले जाते, यावर यशाचा मोठा भाग अवलंबून असतो. पण पॅकेजच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो.

‘फोल्डेबल’ या एका शब्दाआड

बाजारात ‘फोल्डेबल’ हा शब्द दर्जाची हमी असल्याप्रमाणे वापरला जातो. प्रत्यक्षात तो फक्त भिंग दुमडते एवढेच सांगतो. घडीच्या भिंगांतही पाणी शोषून घेणारे हायड्रोफिलिक आणि न शोषणारे हायड्रोफोबिक ॲक्रिलिक असे दोन मुख्य प्रकार आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी भिंगामागच्या पिशवीवर पेशी वाढून पुन्हा धूसर दिसू लागते. ‘मोतीबिंदू परत आला’ असे रुग्ण म्हणतात, तो हा पडदा. हायड्रोफोबिक भिंगात आणि मागची कड चौकोनी, धारदार असलेल्या भिंगात त्याचे प्रमाण कमी राहते. धारदार कड मात्र घडीच्या भिंगांची मक्तेदारी नाही. ती साध्या भिंगालाही देता येते आणि दिली जाते. पडदा आलाच तर याग लेझरने काही मिनिटांत तो दूर करता येतो. पण ते यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडे क्वचितच असते. त्यामुळे येथेही पुन्हा तोच न्याय लागू होतो. पडदा कमी धरणारे भिंग लेझरपासून दूर राहणाऱ्या रुग्णाला अधिक हवे.

साधे भिंग लवकर खराब होते, हा समजही निराधार आहे. रिडली यांच्यापासून वापरात असलेल्या या कडक ॲक्रिलिकइतका प्रदीर्घ अनुभव दुसऱ्या कोणत्याही पदार्थाचा वैद्यकाच्या गाठीशी नाही. मल्टिफोकल भिंगाने दूरचे-जवळचे दोन्ही दिसून चष्मा सुटण्याची शक्यता वाढते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, मंद प्रकाशात अक्षरे फिकट वाटणे हे त्याचे मोल आहे. पडद्याचा विकार किंवा काचबिंदू असलेल्यांना ते सहसा सुचवले जात नाही. टोरिक भिंगाचा उपयोग ज्यांना मुळातच सिलिंडरचा नंबर अधिक आहे, त्यांनाच. ‘सर्वांत वरचे ते सर्वांत चांगले’ ही भाषा येथे लागू पडत नाही. प्रत्येक डोळ्याची गरज वेगळी असते.

पैशाची बाजूही वेगळी समजून घ्यावी लागते. कृत्रिम भिंगांना २००५मध्ये कायद्याने औषधाच्या व्याख्येत आणले गेले. त्यांची कमाल छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवता येत नाही. पण २०१७मध्ये हृदयातील स्टेंटच्या कमाल किमतीवर जशी मर्यादा घातली गेली, तसे भिंगांच्या बाबतीत झालेले नाही. २०२०पासून सर्व विमा कंपन्यांना विकाव्या लागणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूसाठी एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांतील जे कमी असेल तेवढीच भरपाई ठरवलेली आहे. त्यावरचे पैसे खिशातूनच जातात. भिंगाचा प्रकार, कंपनी, नंबर आणि छापील किंमत असलेली चिकटपट्टी डिस्चार्ज कार्डावर लावून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. शहरातही तो सारेच बजावतात असे नाही.

शस्त्रक्रिया मोजायच्या की दृष्टी?

राष्ट्रीय अंधत्व आणि दृष्टिदोष सर्वेक्षणाने २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढील लोकांची पाहणी केली. या वयोगटातील १.९९ टक्के लोक अंध आढळले आणि त्यांपैकी ६६.२ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. शस्त्रक्रियेला एवढी प्रगती लाभूनही दर तीन अंध वृद्धांपैकी दोघे ज्या आजाराने अंध आहेत तो अर्ध्या तासाच्या आत बरा होणारा आहे, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. करोनाच्या साथीत नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने ही रांग आणखी वाढली. ती कमी करण्यासाठी २०२२मध्ये केंद्राने राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान आखले आणि तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवले.

उद्दिष्टाची भव्यता वादातीत आहे. अडचण त्याच्या एककाची आहे. शस्त्रक्रियांची संख्या मोजणारी यंत्रणा तालुक्यापासून दिल्लीपर्यंत उभी आहे. त्या डोळ्यांना सहा आठवड्यांनी किती दिसते, हे मोजणारी तेवढी सक्षम यंत्रणा उभी राहिलेली नाही. चाचण्यांतील ९८ टक्के हा आकडा निवडक रुग्ण, कसलेले हात आणि काटेकोर पाठपुरावा यांतून येतो. लोकवस्तीत जाऊन शस्त्रक्रिया झालेल्यांची तपासणी केली, की चांगल्या दृष्टीचे प्रमाण त्याहून बरेच खाली आढळते. त्याची कारणे चार : डोळ्यात आधीच दुसरा आजार असणे, शस्त्रक्रियेतील गुंतागुंत, चष्मा न मिळणे आणि नंतर धरलेला पडदा. यांतील पहिले कारण सोडले, तर उरलेली तिन्ही टाळता किंवा दुरुस्त करता येण्याजोगी आहेत.

जगाने मोजपट्टी बदलली आहे. २०२१च्या जागतिक आरोग्य सभेने ‘परिणामकारक मोतीबिंदू शस्त्रक्रिया व्याप्ती’ हा निकष स्वीकारला आणि २०३०पर्यंत ती ३० टक्के-बिंदूंनी वाढवण्याचे लक्ष्य ठेवले. ज्याला शस्त्रक्रियेची गरज होती, त्याची ती झाली आणि त्यानंतर त्याला खरोखर चांगले दिसू लागले, तरच तो या मोजणीत धरला जातो. चांगले म्हणजे किती, याची रेषाही पूर्वीच्या ६/१८वरून ६/१२पर्यंत वर सरकली आहे. ही वर सरकलेली रेषा सिलिंडरच्या लहानशा नंबरालाही क्षमा करत नाही. म्हणूनच लहान छेद, घडीचे भिंग आणि अचूक मापन यांचे महत्त्व येत्या काळात वाढणार, हे उघड आहे.

ते वाढताना क्रम चुकता कामा नये. आधी सुरक्षित शस्त्रक्रियागृह आणि संसर्गाचा प्रतिबंध, मग अचूक मापन, मग प्रशिक्षित हात, मग भिंग आणि शेवटी सहा आठवड्यांनंतरची तपासणी व मोफत चष्मा. ही साखळी पूर्ण असेल तेथे घडीचे भिंग सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतूनही सरसकट दिले जावे. आयुष्मान भारत योजनेत घडीच्या भिंगासह फेको आणि साध्या भिंगासह लघुछेद शस्त्रक्रिया अशी दोन वेगवेगळ्या दरांची पॅकेजे ठरवली आहेत. त्यांच्या देयकाचा काही भाग तरी शस्त्रक्रियेनंतरच्या दृष्टीच्या नोंदीशी जोडता येईल. नोंद नाही तर पूर्ण रक्कम नाही, एवढा एक नियम आला तरी दुसरी भेट घडवून आणण्यासाठी रुग्णालयेच गाडी पाठवतील.

शहरी कुटुंबांसाठीही या साऱ्याचा मथितार्थ साधा आहे. समुपदेशकाच्या टेबलावर ‘सगळ्यात चांगले भिंग कोणते’ हे विचारण्याआधी शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांच्या हातून अशा किती झाल्या आहेत, संसर्ग टाळण्यासाठी काय केले जाते, नंबर कोणत्या यंत्राने मोजला आणि पडद्याची तपासणी झाली का, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मध्यम किमतीचे घडीचे भिंगही बहुतेकांना उत्तम दृष्टी देते. ती नसतील, तर तक्त्यातला शेवटचा रकानाही उपयोगाचा नाही. आणि तालुक्याहून आलेल्या वृद्धेच्या वतीने हेच प्रश्न विचारण्याची जबाबदारी शासनाची आहे, कारण तिच्यापुढे तक्ता कोणी ठेवत नाही.